बाजूला ठेवलेला एकर

भागाकार म्हणजे काय, ह्या काळजीनं माझी झोप उडाली होती. हसू नका! म्हणजे पुढे हसायचंच आहे, पण इतक्यात नको. जरा शिल्लक ठेवा.

तुम्ही म्हणाल, बाई, जगात एवढी मोठी लढाई चालली आहे, साखर मोजून मिळते, रॉकेल तर मिळतच नाही, आणि तुमची झोप उडाली ती भागाकारानं? हो, भागाकारानं! रॉकेलवाचून माझं काही अडलं नव्हतं. हौसेनं आणलेला पितळी स्टोव्ह मी पुसून कोनाड्यात ठेवून दिला होता आणि मुकाट्यानं चुलीवर रांधत होते. पण आमच्या शकूच्या शाळेतल्या बाई एकदा रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "शकूचं वाचन छान आहे, पाढे खणखणीत आहेत, पण भागाकार आला की बसकण मारते हो! वार्षिक परीक्षा तोंडावर आली. घरी थोडं बघा की. तुम्ही काय, शिकलेल्याच आहात!"

शिकलेल्याच आहात! ह्या दोन शब्दांनी माझा जन्म खाल्ला आहे बघा. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेली. आम्ही राहतो त्या साताऱ्यात ह्या शब्दांचा अर्थ 'हिला सगळं येत असणार' असा होतो, आणि सासरी कडेगावला त्यांचाच अर्थ 'हिच्यापासून जपून राहा' असा होतो. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या चुलत सासूबाई मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "शिकल्याली सून करताय? करा बापडं. घरात आली की आदी भिंती मोजंल!"

तेव्हापासून मी सासरी गेले की भिंतीकडे बघतसुद्धा नाही. नऊ वर्षं जपलं होतं. सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, पुढे कधी आवाज चढवला नाही. मोठ्या जाऊबाईंनी पहाटे हाक मारायच्या आत उठले. शेणी थापल्या, चुलीपुढे बसून हात भाजेपर्यंत भाकऱ्या बडवल्या. का? तर शिकलेली सून घर फोडते असं कुणी म्हणू नये म्हणून. तेवढं एक लक्षात ठेवा, म्हणजे पुढे माझी काय अवस्था झाली ते तुम्हाला कळेल.

तर भागाकार. संध्याकाळी शकूला पुढ्यात घेऊन बसले. आठ वर्षांची पोर. चेहरा असा गंभीर, की जणू हीच मला शिकवायला बसली आहे. म्हणाली, "आई, भागायचं त्यालाही भागाकार म्हणतात आणि उत्तर येतं त्यालाही भागाकार म्हणतात. मग खरा भागाकार कुठला? आणि त्याला आकार कसला असतो? गोल की चौकोनी?"

घ्या! मी फायनलला गणितात चांगले मार्क मिळवलेले. पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मलाही तो कधी पडला नव्हता. भाज्याला भाजकानं भागायचं, वर उत्तर लिहायचं, खाली बाकी ठेवायची. झालं! आकार कुठला मधेच?

रात्री ह्यांना विचारलं. हे कचेरीत कारकून. दिवसभर आकडेच बघतात. म्हणाले, "उत्तर येतं ना? मग नावाशी काय करायचंय? झोप आता." आणि स्वतः लगेच घोरायला लागले. मी जागीच. ज्या आईला भागाकार ह्या शब्दाचा अर्थ सांगता येत नाही, तिची मुलगी नापास नाही होणार तर काय होणार!

सकाळी उठून शेजारच्या पेन्शनर गुरुजींना गाठलं. त्यांनी तपकीर ओढली, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "आकाराचा काही संबंध नाही, बाई. 'कार' म्हणजे करणं. नमस्कार, जयजयकार, तसा भागाकार. भाग करणं, एवढंच. जुने ज्योतिषी तर उत्तराला लब्धी म्हणायचे. भागून हाताला जे लाभतं, ती लब्धी."

लब्धी वगैरे माझ्या एका कानातून आलं आणि दुसऱ्यातून गेलं. मला हवं होतं ते सापडलं होतं. घरी येऊन मी शकूला सांगितलं, "भागाकार म्हणजे भाग करणं. ज्याचे भाग करायचे तो भाज्य. जितक्या जणांत करायचे ते भाजक. आणि उरेल ती बाकी. ती बाजूला ठेवायची. कळलं?"

"कळलं," शकू म्हणाली. पण तिला नुसत्या आकड्यांचे भाग करता येईनात. मग मी शेंगदाणे घेतले. "हे बारा दाणे. तू, मी आणि बाबा. कर भाग."

तिनं नीट तीन वाटे केले. मग म्हणाली, "बाबा कचेरीत आहेत." बाबांचा वाटा खाल्ला. "तुला पित्त होतं." माझा वाटा खाल्ला. "आई, उत्तर शून्य."

चुरमुरे आणले, तेही शून्य. गुळाच्या खड्यांचं उत्तर तर शून्याच्याही खाली गेलं असतं, कारण दुसऱ्या दिवशी ती डब्यातलेही काढून खायला लागली. तेव्हा माझ्या शिकलेल्या डोक्यात असा प्रकाश पडला की, चूक पोरीची नाही, भाज्याची आहे! जे खाता येत नाही असं काहीतरी भागायला दिलं पाहिजे.

आणि काय खाता येत नाही? सांगा बघू. अहो, जमीन!

"शकू, कडेगावच्या आबांचं शेत किती एकर?"

"सतरा."

"आणि तुझे बाबा धरून भाऊ किती?"

थोरले भाऊजी शेती बघतात. दुसरे हे. तिसरे पलटणीत, लढाईवर गेलेले. चौथे तालमीत घुमतात. शकूनं बोटांवर मोजलं. "चार!"

"मग सतरा भागिले चार?"

"चार एकर प्रत्येकाला. बाकी एक!"

पहिल्या झटक्यात! मला असं भरून आलं म्हणता! तिला जवळ घेतलं, अलाबला घेतली. मग काय, मी सुटलेच. सासरचं जे जे डोळ्यांपुढे आलं ते ते भागायला काढलं. तांब्याचे हंडे नऊ: दोन दोन, बाकी एक. बैल सहा: एक एक, बाकी दोन. म्हशी तीन.

"म्हशींना भाग जात नाही, आई," शकू म्हणाली.

"शाब्बास! मग?"

"तिन्ही बाकी. तिन्ही बाजूला."

आता तुम्हाला दिसतंय, पुढे खड्डा आहे. मला दिसत नव्हता. नुसतीच शिकलेली, दुसरं काय!

फाल्गुनात मामंजींचा, म्हणजे शकूच्या आबांचा, निरोप आला, शाळूची, रब्बीच्या ज्वारीची, रास व्हायची आहे, दोन दिवस येऊन जा. ह्यांना रजा मिळेना. म्हणून शकूला घेऊन मी एकटीच निघाले. पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या धुरावर चालणारी ती सर्व्हिस मोटार! चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. कराडपर्यंत आमची तोंडं काळी झाली, आणि कडेगाव येईपर्यंत मी वाटभर शकूकडून भागाकारांची उजळणी करून घेतली.

घरी पोचलो. आत्याबाईंनी शकूवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मांडीवर घेतलं. मी थेट चुलीपाशी गेले. बाहेर सोप्यात मामंजी घोंगड्यावर बसलेले. मामंजी पहिल्या लढाईत जाऊन आलेले हवालदार. मिशा अजून कवायतीत उभ्या असल्यासारख्या. थोरले भाऊजी आणि मोठ्या जाऊबाईही तिथंच होत्या.

आत्याबाईंचा आवाज आला, "काय गं माजी बाय, साळंत काय काय शिकलीस? सांग की आबांस्नी."

मी आतून कान टवकारले. शकू उठून उभी राहिली असणार, कारण तिचा शाळेतला आवाज लागला. "मला भागाकार येतो. आबांचं सतरा एकर शेत. भाऊ चार. प्रत्येकाला चार चार एकर. बाकी एक."

बाहेर सगळे गप्प.

मला वाटलं, कौतुकानं! पिठाचे हात तसेच ठेवून मी मनातल्या मनात फुगले.

जाऊबाईंनी विचारलं, "आन् त्यो एक एकर?"

"तो आईनं बाजूला ठेवलाय."

"कंचा एकर गं?"

शकूनं जरा विचार केला. हे मी तिला शिकवलं नव्हतं हो, देवाशपथ! तिनं आपलं आपण ठरवलं. "विहिरीवरचा. तिथं आंबा आहे ना, तो."

आणि मी काय केलं ठाऊक आहे? मी पदर सावरत दारात आले, आणि भर सोप्यात, सासऱ्यांच्या समोर, हसऱ्या तोंडानं म्हणाले, "अजून विचारा ना! म्हशींचं पण येतं तिला!"

आत्याबाईंच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. मामंजींनी मिशीवरून एकदा हात फिरवला आणि उठून गोठ्याकडे गेले. शकूनं मात्र माझा शब्द राखला. "म्हशी तिन्ही बाकी," ती म्हणाली. "त्या पण आईनं बाजूला ठेवल्यात."

आत्याबाईंच्या डोळ्यांना पदर गेला. मला वाटलं, नातीच्या हुशारीनं गहिवरल्या.

जेवायच्या वेळी त्या म्हणाल्या, भूक नाही. मला वाटलं, उपास असेल. मोठ्या जाऊबाईंनी पिठाची पाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तुमच्या वाटनीचं पीठ तुमी मळा बाई. मागनं कमीजास्त झालं म्हनायला नको." मला वाटलं, प्रवासाची दमणूक बघून काम वाटून घेतायत! मी म्हणाले, "किती बाई जिवाला जपता तुम्ही!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की चूल नसती तरी तवा तापला असता.

उलगडा झाला तो सकाळी. तोही बैलानं केला.

आमच्याकडची रीत अशी, की थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. मध्ये कुणीतरी लागतं. शकू असली तर शकूला सांगायचं, नसली तर जाऊबाईंना, आणि कुणीच नसलं तर भाऊजी बैलाला सांगत. मी गोठ्यात शेण भरत होते. भाऊजी सर्ज्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय रं सर्ज्या, तू कुनाच्या वाटनीला चाललास गड्या? का तुलाबी बाजूला ठिवलंय?"

पाटी माझ्या हातातून पडली. डोळ्यांसमोर लख्ख उजाडलं. सतरा एकर, चार भाऊ, विहिरीवरचा एकर, म्हशी! अगं बाई गं! मी साताऱ्याहून वाटण्यांचा आराखडाच करून आणला होता की! तोही नवऱ्याला घरी ठेवून. आणि 'अजून विचारा ना' म्हणून वर आग्रह केला होता!

धावतच जाऊबाईंकडे गेले. "अहो मोठ्या बाई, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय! तो नुसता हिशेब होता हो!"

"त्येच म्हन्ते मी," जाऊबाई ज्वारी पाखडता पाखडता म्हणाल्या. "हिसाब करूनच आलायसा."

"तसं नव्हे! उदाहरण! उदाहरण म्हणून घेतलं!"

"आवं, मग म्हायेरची जमीन घ्यायची हुती की उदारनाला! आमचीच कशापाई घावली?"

ह्याला काय उत्तर होतं? माझ्या वडिलांना जमीन नाही, एवढं खरं उत्तर होतं. पण ते त्या वेळी दिलं असतं तर आगीत तेल पडलं असतं. मग आणखी एक शहाणपणा केला. शकूला परड्यात नेऊन कानात सांगितलं, "हे बघ, शेताचं ते गणित आता कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर गप्प बसायचं. कळलं?"

शकू आज्ञाधारक पोर. घटकाभरात आत्याबाईंनी तिला विचारलं, "तुज्या आयनं आनि काय काय भाग क्येलंत गं?" तेव्हा ती तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "आईनं सांगितलंय, आता कुणाला काही सांगायचं नाही."

झालं! आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "बघा! तिसरा माजा तिकडं लढाईवर, जित्ता हाय का कसा त्ये कळंना, दाराशी तारंचा शिपाई आला की माजं काळीज हलतंय. आन् हितं माज्या मागारी वाटन्या! अगं, त्याला येऊ तरी द्याचा हुता घरला!"

हे मात्र मला फार लागलं. इतका वेळ मला माझ्या नावाची काळजी होती. त्या म्हाताऱ्या जिवाच्या काळजावर माझा भागाकार असा जाऊन बसेल, हे डोक्यातही आलं नव्हतं. पाया पडून सांगावंसं वाटत होतं, पण त्या तोंड फिरवून बसल्या. ठरवलं, आता दोन दिवस तोंडच उघडायचं नाही. एक अक्षर नाही! बोलले की बिघडतं ना? मग बोलणंच नको.

दुपार कलल्यावर सगळे खळ्यावर गेलो. शाळूची रास म्हणजे काय देखणी असते म्हणून सांगू! मोत्यांचा डोंगर. राशीची पूजा झाली, नारळ फुटला. मामंजी घोंगड्यावर बसले. भाऊजींनी पायली हातात घेतली. रास मोजताना खळ्यावर कुणी बोलायचं नसतं. मोजणाऱ्याचा आकडा तेवढा ऐकू यायचा, बाकी वारासुद्धा हळू वाहतो. मला ते बरंच होतं. मी तर न बोलायचं व्रतच घेतलं होतं.

भाऊजींनी पहिली पायली शिगोशीग भरली, पोत्यात ओतली आणि मोठ्यानं म्हणाले, "लाभ!"

शकू राशीच्या कडेला उभी राहून बघत होती. तिनंही मान हलवून म्हटलं, "लाभ."

आणि माझ्यातली फायनल पास झालेली बाई खाडकन जागी झाली. पोरीची परीक्षा महिन्यावर आली आहे, आणि ही एकाला लाभ म्हणते! व्रत गेलं कुठल्या कुठे. मी ओरडले, "लाभ काय, लाभ! एक म्हण, एक! पहिल्यापासूनच चुकतेस बघ!"

भाऊजींची दुसरी पायली हवेतच थांबली.

आता तुम्ही सातारा-सांगलीकडचे असाल तर कपाळाला हात लावला असेल. नसाल तर सांगते. राशीचं पहिलं माप कुणी 'एक' म्हणून मोजत नाही. पहिलं माप म्हणजे लाभ. मग दोन, तीन, चार. ही कधीची रीत आहे, आणि मला ती ठाऊक होती हो! नऊ वर्षं बघत आले होते. गुरुजींनी सांगितलेली लब्धी, भागून हाताला लाभतं ते, माझ्या डोळ्यांसमोर मोत्यांच्या ढिगातून पोत्यात पडत होती. आणि मी तिला 'पहिल्यापासून चुकतेस' म्हणून दटावत होते!

पण त्या वेळी लब्धी कुणाला सुचते? खळ्यावर सगळ्यांनी ऐकलं ते एवढंच, की साताऱ्याच्या सूनबाईंनी पहिल्याच मापाला हरकत घेतली.

आत्याबाई म्हणाल्या, "घ्या! आता मापावरबी भरवसा न्हाई."

भाऊजी बैलाला शोधायला लागले, पण सर्ज्या लांब बांधला होता. शेवटी राशीकडेच बघून म्हणाले, "तिला म्हनावं, पायली आपल्याच हातात घे."

"थांबा," मामंजी म्हणाले.

हवालदार उठून उभे राहिले. मला वाटलं, संपलं. आता हे साताऱ्याला निरोप धाडणार, ह्यांना बोलावून घेणार, चार पंच बसवणार. नऊ वर्षांच्या भाकऱ्या राखेत गेल्या. तोंडातून रडण्याबरोबर सगळं एकदम बाहेर पडलं: "मामंजी, मला जमीन नको, म्हशी नको, काही नको! शकूला भागाकार येत नाही, बाई म्हणाल्या परीक्षेत बसकण मारेल. शेंगदाणे दिले तर खाऊन टाकते. म्हणून तुमचं शेत घेतलं. ते तिला खाता येत नाही म्हणून!"

खळ्यावर पुन्हा शांतता. ह्या वेळी मला कौतुकाचा भास झाला नाही.

मामंजी शकूपुढे उकिडवे बसले. "शके, हिकडं ये. दानं खाल्लंस व्हय गं समदं?"

"हो. गूळ पण."

"बरं. मग ह्या तुज्या हिसाबात काका कोन?"

"काका भाजक."

"आन् भाग करनार कोन?"

"आई. म्हणून तर भागाकार म्हणतात. गुरुजींनी सांगितलंय."

"आन् मी?" मामंजी म्हणाले. "मी कुटं हाय?"

शकूनं अगदी मायेनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आबा, तुम्ही भाज्य."

"म्हंजी?"

"म्हणजे तुमचेच भाग करायचे."

मी डोळे मिटून घेतले. मग असा आवाज आला, की मला वाटलं मामंजींना ठसका लागला. डोळे उघडून बघते तर ते हसत होते! मिशा मोडून, मांडीवर थापा मारून हसत होते. "ऐकलंस का गं?" ते आत्याबाईंना म्हणाले. "आगं, जर्मनाच्या तोफांस्नी माजं भाग करता आलं न्हाईत! आन् ही येवडीशी चिमुरडी माजं चार भाग करून, वर मी उरलो तर बाजूला ठिवनार!"

भाऊजींनी पायली खाली ठेवली आणि तोंडावर उपरणं दाबलं. जाऊबाई तर राशीवर पडायच्याच बाकी होत्या. आत्याबाई मात्र अजून फुरंगटलेल्या. मामंजींनी ते बघितलं. मग शकूला म्हणाले, "तुज्या आयचं गनित चुकलंय. मी सांगतो तसं कर. आपल्या घरात किती मानसं, त्ये मोजायचं न्हाई. चुली मोजायच्या. कडेगावच्या घरात चुली किती?"

"एक."

"मग सतरा येकर एका चुलीत वाट बगू."

शकूनं हवेत बोटानं रेघ ओढली. "सतरा भागिले एक. भागाकार सतरा." जरा थांबून तिनं खाली बघितलं. "बाकी शून्य."

"बाजूला काय ठिवायचं?"

"काही नाही."

"आता कसं!" मामंजी उठले. "एक चूल, बाकी शून्य. तिकडचा आमचा फौजी आला की त्यालाबी ह्योच हिसाब सांगायचा."

आत्याबाईंनी डोळे पुसले, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लेकीपायी जीव काडतीस बग नुसता! चल, ऊठ. भाकऱ्या आपुन दोगी मिळून करू." नऊ वर्षांत इतकं गोड वाक्य मी ऐकलं नव्हतं. भाऊजींनी पोत्यातलं पहिलं माप परत राशीत ओतलं, पायली नव्यानं शिगोशीग भरली, आणि आज पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "लाभ!"

"लाभ!" मीही म्हणाले, सगळ्यांच्या वरताण आवाजात. जीव असा हलका झाला, की मनात म्हटलं, चला, घर वाचलं, पोरीला भागाकार आला, आणि शिकलेल्या सुनेनं भिंतीही मोजल्या नाहीत.

इथं थांबले असते तर किती बरं झालं असतं! पण शकू भुवया आक्रसून बोटं मोजत होती. भाग पुरता बसला नाही की ती असंच करते. तिनं मामंजींचं धोतर ओढलं आणि खळ्यावरच्या त्या शांततेत खणखणीत आवाजात विचारलं:

"पण आबा, आईनं साताऱ्याला वेगळी चूल मांडलीय. मग दोननं भागायचं ना? आणि एक स्टोव्ह पण आहे. तो पेटत नाही. तो धरायचा, की बाजूला ठेवायचा?"